मोठा, छोटा आणि पान सत्तेचाळीस

“सर, आता एकतर कॅमेरा घ्या, नाहीतर चहा घ्या. पण काहीतरी घ्या बघू,” मोहितेकाका म्हणाले.

काउंटरवर वाकलेल्या माणसानं मान वर केली आणि अगदी मनापासून विचारलं, “कॉफी पण मिळते का?”

मी राजमतीआत्याकडं बघितलं. आत्यानं लगेच भिंतीवरच्या जाहिरातीकडं तोंड वळवलं. कारण तीन आठवड्यांपूर्वी आमच्या घरी, बघायच्या कार्यक्रमात, याच माणसानं चहा की कॉफी यावर पाच मिनिटं घालवली होती. तेवढ्यात दोन्ही निवले. शेवटी त्यानं पाणी घेतलं.

त्याचं नाव सन्मती मगदूम. गडहिंग्लजच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. आणि मी त्रिशला चौगुले, वय अठ्ठावीस, शिरोलीच्या एका फौंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्टर. त्या रविवारी दुपारी चार वाजता आम्ही तिघं कोल्हापुरात ताराबाई रोडवरच्या मोहित्यांच्या फोटोच्या दुकानात होतो, आणि दिवस मावळायच्या आत मला आबांना हो किंवा नको सांगायचं होतं.

दिवस मावळायच्या आत का, तर आम्ही जैन, आत्याचं जेवण दिवस मावळायच्या आत असतं. त्यानंतर ती घास घेत नाही. आणि कोणाच्या लग्नाची बोलणी अधांतरी असताना तिला घास उतरतही नाही. म्हणजे आत्या उपाशी राहिली तर पाप माझ्या माथी.

खरं सांगायचं तर माझं उत्तर तयार होतं. नको.

माझं कामच तसं होतं. फौंड्रीतून ब्रेक ड्रम गरम-गरम बाहेर पडायचे, निवले की माझ्या टेबलावर यायचे. मी हातोडीनं एक टोला द्यायचे. खणखणीत वाजला तर खडूनं बरोबरची खूण. बद्द वाजला तर आत कुठंतरी तडा आहे, फुली. एका ड्रमला फार तर आठ सेकंद. क्वालिटीत मी एकटीच बाई होते, आणि माझी फुली पुसायची हिंमत मालकांचीही नव्हती. मला ते काम जिवापाड आवडायचं. आजही आवडतं.

पण स्थळं यायची आणि प्रत्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला एकच विचारायचा, “लग्नानंतर ही नोकरी सोडणार ना?” कुणी गोड बोलून, कुणी मोठ्या मनानं. एक जण म्हणाला, “आमच्याकडं बालवाडी आहे, तुमचं मन रमेल.” अकरा जण झाले. अकरांवर फुली. आई रडायची, आबा पेपरात डोकं घालायचे, आणि आत्या पुढचं स्थळ काढायची.

सन्मती बारावा. त्यानं तो प्रश्न विचारलाच नाही. मला वाटलं, चहा-कॉफीतून सुटला की विचारेल. पण पाणी पिऊन गेला. गडहिंग्लज इथून दीड तासावर, माझी शिफ्ट सकाळी सातची. म्हणजे त्याच्याशी लग्न केलं तर नोकरी आपोआपच गेली, विचारायचं काय त्यात, असा हिशेब त्यानं मनात धरला असणार. मी त्याच रात्री आत्याला नको म्हणाले होते.

“एकदा बाहेर भेट,” आत्या म्हणाली. “घरात माणूस बुजतो.”

“आत्या, तो घरात बुजला नव्हता. तो कपबशीकडं बघत बसला होता.”

“एकदा. माझ्यासाठी. तिकडं कराडची एमएस्सी झालेली मुलगी पण सांगून आलीय त्याला. ती माणसं थांबायची नाहीत.”

“मग घेऊ दे की कराडची!”

“एकदा!” आत्या म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. त्यामुळं मी इथं होते.

भेटायचं ठिकाण त्यानंच सुचवलं होतं. कॅमेरा घ्यायचाय, आठ महिने चाललंय, तुम्ही बरोबर असाल तर कदाचित निर्णय होईल, असं त्यानं आत्याला फोनवर सांगितलं. मुलीला भेटायला कॅमेऱ्याच्या दुकानात बोलावणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

“परत एकदा सांगतो, सर,” मोहितेकाकांनी बाह्या सारल्या. “हा मोठा. मिररलेस. नवीनच आलाय. आत आरसा नाही म्हणून अंगानं लहान, पण सेन्सर मोठा. अंधारात पण साफ येणार. लेन्स बदलता येते, उद्या हौस वाढली की नवीन लावा. आणि हा छोटा. शर्टाच्या खिशात जातो. लेन्स आहे तीच, बदलायची भानगड नाही. दाबलं की आला फोटो. दोघांची किंमत सारखीच. झालं. ह्यात आणि काय आहे?”

“सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, पहाटे उजेड कमी असतो,” सन्मती म्हणाला, “त्यामुळं मोठा. पण फुलं असतात नखाएवढी, त्यामुळं—”

“छोटा?”

“हां, पण मोठ्याला पुढं जवळची लेन्स घेता येईल. पण ती पुढं. पण पुढं घ्यायचीच असेल तर आत्ता—”

त्याच्या हातात एक काळी जाड वही होती. त्यानं ती उघडली. पानं भरून रकाने, तांबड्या शाईच्या रेघा, फायदे, तोटे, खाडाखोड, खाडाखोडीवर बाण. आठ महिन्यांत त्यानं त्या दोन कॅमेऱ्यांवर जेवढं लिहिलं तेवढं मी अख्ख्या पदवीला लिहिलं नाही.

“तुम्हाला काय वाटतं?” त्यानं मला विचारलं.

“कुठलाही घ्या. दोन्ही चांगलेच दिसतात.”

“दोन्ही चांगले आहेत हीच तर अडचण आहे,” तो म्हणाला, आणि इतका कासावीस दिसला की मोहितेकाकांनाच दया आली.

“असं करा सर. दोन्ही घेऊन जा. रंकाळ्यावर एक चक्कर मारा, काढा फोटो, बघा, ठरवा. एक तास.”

“असे कसे नेणार? तारण काय ठेवू?” सन्मती खिसे चाचपायला लागला.

काकांनी दुकानात नजर फिरवली. ती आत्यावर थांबली. “ह्या बसतील की. ह्यांच्या लग्नाचे फोटो आमच्या वडलांनी काढलेत. अशी चांगली बाई तारण असताना कॅमेऱ्याला काय होतंय?”

मला वाटलं आत्या खवळेल. मुलगा-मुलगी दोघंच रंकाळ्यावर? आमच्या घराण्यात? पण आत्यानं घड्याळ बघितलं, मग त्याच्याकडं, मग माझ्याकडं, आणि स्टुलावर चांगली ऐसपैस बसली.

“मी बसतो हितं,” ती म्हणाली. कोल्हापुरात आत्याच्या वयाच्या बायका ‘बसते’ नाही, ‘बसतो’च म्हणतात. “पण साडेपाचला परत यायचं. साडेसहाला दिवस मावळतो. मला जेवायचंय.”

अशा रीतीनं आत्याला गहाण ठेवून आम्ही निघालो.

रंकाळ्यापर्यंत चालत पंधरा मिनिटं. त्याच्या गळ्यात मोठा, माझ्या हातात छोटा. मी वाट बघत होते. आता विचारेल, नोकरीचं काय. त्यानं विचारलं, “तुम्ही तडा कसा ओळखता?”

“काय?”

“आत्या म्हणाल्या, तुम्ही आवाजावरनं ओळखता. डोळ्याला दिसत नाही असा तडा.”

मी सांगितलं. ड्रम टांगायचा कसा, टोला कुठं द्यायचा, आवाज किती वेळ घुमला पाहिजे. सांगता सांगता रंकाळा आला. त्यानं मध्ये एकदाही आपलं ज्ञान पाजळलं नाही. फक्त म्हणाला, “म्हणजे न वाजवता सांगता येत नाही.”

“बिलकूल नाही.”

“छान आहे,” तो म्हणाला.

कठड्याजवळ दगडांच्या फटीत एकदांडी उगवली होती. ते पांढरट-पिवळं फूल रस्त्याकडेला कुठंही असतं, कुणी ढुंकून बघत नाही. हा गृहस्थ तिथं चक्क गुडघ्यावर बसला. मोठा कॅमेरा फुलाजवळ नेला. कॅमेरा म्हणाला, ‘नाही.’ म्हणजे नुसतं कुंई-कुंई करत लेन्स मागं-पुढं फिरली आणि चित्र धूसरच. तो एक वीत मागं सरकला. धूसर. आणखी मागं. आता फूल दिसायला लागलं, पण मोहरीएवढं. शेवटी तो पालथा झाला. भर रविवारी रंकाळ्यावर कॉलेजचा प्राध्यापक पोटावर आडवा. मी छोट्यानं त्याचा तसाच एक फोटो काढला. त्याला पत्ताही लागला नाही.

“हे बघा जरा,” म्हणत मी त्याच छोट्याला फुलाच्या नाकाशी नेलं. त्यात फुलाचं चित्र असलेलं एक बटण होतं, ते दाबलं. खटक. पाकळ्यांवरची धूळसुद्धा दिसली.

तो पडद्याकडं बघत राहिला. “अरे वा,” म्हणाला. मग लगेच, “पण मागचा भाग बघा. मोठ्यात मागचा भाग कसा मऊ आला असता.”

“मोठ्यात फूलच आलं नाही.”

“तेही खरंच.” आणि हसला. हसताना बरा दिसत होता. मी तेवढ्यापुरतं मनात नोंदवलं आणि सोडून दिलं.

एवढ्यात मागून आवाज आला, “ओ फोटोवाले!”

इचलकरंजीचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको, तीन मुलं, सासू-सासरे, आणखी दोघं-चौघं. गळ्यातला मोठा कॅमेरा बघून त्यांनी सन्मतीला हेरलं होतं.

“आमचा एक काढा की. किती घेता?”

“अहो, मी फोटोवाला नाही. मी बॉटनीचा आहे.”

“चालंल की!” सासरे म्हणाले आणि कठड्यावर बसलेसुद्धा.

मला हसू आवरेना. सन्मतीनं अगतिकपणे माझ्याकडं बघितलं, वही माझ्या हातात दिली आणि गेला. आणि गंमत म्हणजे तिथं त्यानं जराही घोळ घातला नाही. आजोबांना मध्ये घेतलं, रडक्या मुलाला आजीच्या मांडीवर दिलं, ऊन डोळ्यात येतंय म्हणून सगळ्यांना अर्धं वळवलं. माझ्या हातातल्या छोट्याकडं कुणी बघत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांचे काढत सुटले. कणीसवाली, तिकडून धावत येणारं कुत्रं, सुनेचा पदर सारखा करणारी सासू. अर्ध्या तासात बेचाळीस. पुढं त्याचे मोजले तर तीन.

तो त्यांचा पत्ता विचारत होता, फोटो पाठवायला. म्हातारा गाव, गल्ली, मारुतीचं देऊळ असं सगळं सांगत होता. त्याला वेळ लागणार होता. मी कठड्यावर टेकले आणि माझ्या हातात ती काळी वही होती.

उघडायला नको होती, मान्य आहे. पण आठ महिन्यांचं असं काय लिहिलंय याची कुणालाही उत्सुकता वाटेल. मी कॅमेऱ्याचं शेवटचं पान काढलं. पान शेहेचाळीस, यानं पानांना नंबर घातले होते. वर मोठा, छोटा. खाली खाडाखोड. आणि तळाला, चौकटीत: “निर्णय – पान ४७ पाहा.”

अर्थात मी पाहिलं.

पान सत्तेचाळीसच्या डोक्यावर माझं नाव होतं. त्रिशला चौगुले. त्याखाली तांबड्या शाईची उभी रेघ. दोन रकाने. दोन्हींत फायदे, तोटे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला कराडची एमएस्सी! मोठा की छोटा, चहा की कॉफी, ही की ती! मी पुढचं काही वाचलं नाही. वाचायची गरजच नव्हती. वही फाडकन मिटली, तोच तो समोर आला. दोन हातांत दोन भेळी.

“तुमच्यासाठी बिनकांद्याची सांगितली. चालेल ना?”

“मला भूक नाही.”

“काही झालं का?”

“साडेपाच होतील. आत्या बसलीय.”

परतीच्या वाटेवर मी पुढं, तो मागं. दोन भेळी घेऊन, गळ्यात कॅमेरा, बिचारा जवळजवळ पळत होता. मला दया आली नाही. मनात मी केव्हाच खडू उचलला होता.

दुकानात पोचलो तर आत्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभी. समोर एक बाई.

“हे घ्या,” आत्या तिला सांगत होती, “ह्याला आत आरसा नाही. पुढं हौस वाढली की लेन्स बदला.” बाई गोंधळून निघून गेली. मोहितेकाका खुर्चीत बसून पोट धरून हसत होते.

“आलात? झालं ठरवून?” आत्या म्हणाली. तिनं बाहेरच्या उन्हाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, आणि तिचा आवाज खाली आला. “काय गं?”

सन्मतीनं आधी भेळी काउंटरवर टेकवल्या, माझ्या हातातला छोटा आणि गळ्यातला मोठा शेजारी ठेवला. मग म्हणाला, “काका, पहिलं म्हणजे ह्यातल्या एका फोटोची प्रत काढा. इचलकरंजीला पाठवायचीय. आजोबांचा सगळ्यांबरोबरचा फोटोच नाही म्हणे.”

“काढू की. पण कॅमेरा कुठला?”

सन्मतीनं मोठ्यावरून एकदा हात फिरवला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “ते यांच्यावर आहे.”

बस. त्या क्षणी माझा बांध फुटला.

“माझ्यावर? का, वहीत जागा संपली का? एका रकान्यात मी, एका रकान्यात कराडची, घाला की बेरीज! अहो, माणसं काय कॅमेरे आहेत का, रेघ मारून शेजारी-शेजारी ठेवायला? निदान तोंडावर तरी सांगायचं, की मी दोन ठिकाणी बघतोय!”

मोहितेकाकांनी उगीचच एक फडका घेऊन स्वच्छ काच पुसायला घेतली. आत्यानं दोन्ही हात गालांवर ठेवले.

सन्मतीचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता रागावेल. “तुम्ही पान सत्तेचाळीस बघितलंत,” तो म्हणाला.

“बघितलं.”

“वाचलंत?”

मी भिंतीवरची जाहिरात वाचायला लागले.

त्यानं माझ्या हातातली वही घेतली, ते पान काढलं आणि काउंटरवर माझ्याकडं फिरवून ठेवलं. “वाचा.”

वर माझं नाव. त्याशेजारी तारीख, आमच्या घरी पाणी पिऊन गेला त्याच दिवसाची. खाली दोन रकाने. डावीकडं लिहिलं होतं गडहिंग्लज. उजवीकडं कोल्हापूर.

गडहिंग्लजच्या खाली फायदे: आईजवळ. कॉलेज पाच मिनिटं. सडा सायकलवर, रोज पहाटे. मोठा कॅमेरा, स्टँड, हवा तेवढा वेळ. तोटे: त्यांची शिफ्ट सातची. इथून अशक्य. नोकरी सुटेल. या शेवटच्या दोन शब्दांखाली दोनदा रेघ.

कोल्हापूरच्या खाली फायदे: नोकरी राहील. बाकी काही नाही. तोटे लांबलचक: मी रोज ये-जा. सहा दहाची एसटी, कंडक्टरला विचारलं, वेळेवर असते. उभं राहावं लागेल. एसटीत पेपर तपासता येणार नाहीत. सडा फक्त येता-जाता, वाटेत उतरून. म्हणजे छोटा कॅमेरा, खिशातला. सकाळी डबा मी करणे. पोह्यांखेरीज काही येत नाही, शिकणे. आईला सांगितलं. रुसली. बुधवारी बोलली.

आणि खाली, एकही खाडाखोड नसलेला एकच शब्द: कोल्हापूर.

त्याच्याही खाली, बारीक अक्षरात, घाईघाईनं लिहिल्यासारखं: त्या ‘नको’ म्हणाल्या तर – मोठा.

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं पाण्यात गेल्यासारखी दिसायला लागली, म्हणून थांबले. आठ सेकंदांत निकाल देणारी मी. यानंच मला तासाभरापूर्वी म्हटलं होतं, न वाजवता सांगता येत नाही म्हणून. आणि मी टोला न देताच फुली मारून मोकळी झाले होते. मला माझीच इतकी लाज वाटली की वर बघवेना.

“काय लिहिलंय? काय लिहिलंय गं?” आत्या टाचा उंचावून बघत होती. चष्मा तिच्या पिशवीत होता.

“आणि कराडची?” मी विचारलं. आवाज माझा वाटत नव्हता.

“त्यांना मी तीन आठवड्यांपूर्वीच नको कळवलं. मध्यस्थांनी आत्यांना सांगितलं नसेल.”

“हे मला का नाही सांगितलंत? ही एसटी, हा डबा?”

“तुम्ही अजून काही म्हणाला नव्हता,” तो म्हणाला. “आधीच सांगितलं असतं तर लाच दिल्यासारखं झालं असतं. मग तुम्ही हो कशाला म्हणालात, मला की कोल्हापूरला, ते मला कसं कळणार?”

मी काउंटरवरच्या मोठ्या कॅमेऱ्याकडं बघितलं. “तुम्हाला हाच आवडलाय.”

“आवडलाय,” तो म्हणाला. खोटं बोलला नाही.

“मग?”

“मग काय. छोटाही चांगलाच आहे. त्यात एकदांडी आली की.”

बाहेर ऊन समोरच्या दुकानाच्या पाटीपर्यंत उतरलं होतं. आत्या माझ्याकडं बघत होती, काका काच पुसत होते, आणि तो वही मिटायची विसरून तसाच उभा होता. काउंटरवरची भेळ पार मऊ पडली होती.

“काका,” मी म्हणाले, “छोटा बांधा.”

सन्मतीनं मोठा हळूच बाजूला सारला.

“अगं पण!” आत्या मध्येच. “मुलाला मोठा आवडलाय ना? तू कशाला त्याला छोटा घ्यायला लावतेस? त्याचा कॅमेरा, त्याचा जीव! बाहेरची माणसं आपण, आपण मध्ये बोलू नये!”

“बांधा काका,” मी पुन्हा म्हणाले. पर्समधला खडू काढला. तो कायम असायचा माझ्याकडं. पान सत्तेचाळीस मिटलं आणि काळ्या पुठ्ठ्यावर मोठी बरोबरची खूण केली. सन्मतीनं वही छातीशी धरली. त्याच्या पांढऱ्या शर्टावर खडू उमटला, त्याला कळलंही नाही.

मोहितेकाका मोठे हुशार. काही न विचारता त्यांनी खोका काढला. “आता तरी चहा घेणार का, सर?”

“घेतो,” सन्मती म्हणाला. “चहाच.”

आत्याची मात्र चुळबुळ थांबेना. “ते चहाबिहा राहू दे. दिवस मावळतोय. आबाला फोन करायचाय. मुलाकडं काय कळवायचं ते आधी सांग. विचार करून सांगते म्हणू का?”

“सांगितलं की मी, आत्या.”

“कधी?”

“आत्ताच. तुझ्यासमोर.”

“माझ्यासमोर? मी काय झोपलो होतो का?” आत्यानं आधी माझ्याकडं, मग त्याच्याकडं, मग कॅमेऱ्याच्या खोक्याकडं बघितलं. तिचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं, आणि खोक्यात चाललेला छोटा सन्मतीनं उचलून घेतला. खटक.

त्या दिवशी आत्या वेळेत जेवली.

याला आता बारा वर्षं झाली. सहा दहाची एसटी वेळेवर असते, कंडक्टर खरं बोलला होता. डब्याला पोहे सोडून इतर गोष्टी यायला दोन वर्षं लागली. छोट्या कॅमेऱ्याचे कोपरे खिशात घासून पांढरे झालेत, आणि वाटेत उतरून काढलेल्या गवतांचे फोटो त्याच्या पुस्तकात छापून आलेत. मोठा पुढं मी घेऊन दिला, माझी बढती झाली तेव्हा. दुकानात दोन मिनिटं लागली. तो अजून रविवारी वापरतो.

पण कपाटावर चौकटीत आहे तो छोट्यानं त्या दिवशी दुकानात काढलेला फोटो: आत्या, तोंड उघडं, भुवया कपाळात. येणारा-जाणारा विचारतो, हा कसला फोटो म्हणून. आत्या आली की पहिल्यांदा तो पालथा करून ठेवते. ती गेली की सन्मती जाऊन सरळ करतो. त्याला त्याचा जराही विचार करावा लागत नाही.